मुखार्बुदाची वाटचाल आणि जनुकांचे नियमन

मुखरोगाचे निदान करताना आमच्या हातून घडलेली एक चूक आरंभीच नमूद करणे आम्हास आवश्यक वाटते, कारण प्रस्तुत लेखाची प्रेरणा तीच आहे. कऱ्हाड-विटा रस्त्यालगतच्या एका गावी आमचे चिकित्सालय आहे. सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो, त्या पट्ट्यातील रुग्ण आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक मावशी उजव्या गालाच्या आतील व्रणाची तक्रार घेऊन आल्या. तिखट लागत नव्हते, दाह होत होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून मिश्री लावण्याची सवय होती. ती सोडण्याविषयी सुचविले, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मिसरीबिगर तोंडाला चवच येत न्हाई बगा." आम्ही पित्तज मुखपाक असे निदान करून खदिरादि वटी, जातीपत्र व त्रिफळा यांच्या क्वाथाचे गंडूष आणि इरिमेदादि तैल यांची योजना केली. दाह कमी झाला. रुग्ण समाधानी, आम्हीही समाधानी. दोन महिने असेच गेले. या दोन महिन्यांत त्या व्रणाच्या कडेस आम्ही एकदाही बोट लावून पाहिले नाही. लावले असते तर ती कड कठीण झालेली कळली असती. हनुवटीखाली गाठ लागली तेव्हा आम्ही त्यांना मिरजेस धाडले. शस्त्रकर्म झाले, किरणोपचार झाले आणि दीड वर्षाने मावशी गेल्या.

त्या दोन महिन्यांत त्या गालात नेमके काय चालले होते, हा प्रश्न आम्हास स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर शोधताना जे वाचनात आले, ते वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहोत.

रोगाची व्याप्ती सर्वांस ठाऊक आहे, म्हणून एकच आकडा देतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व मुखविवराच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. जगातील अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशातील आहेत. भारतीय पुरुषांत हा प्रथम क्रमांकाचा कर्करोग आहे. आपल्या भागात स्त्रियाही मागे नाहीत, त्याचे कारण मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड दंतमंजन म्हणून पिढ्यान्पिढ्या वापरली जात आहे. बाजारी दंतमंजनांत व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर कायदा पोहोचत नाही.

जनुक आणि त्याचे नियमन

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात तोच संपूर्ण जनुकसंच असतो. सुमारे वीस हजार प्रथिननिर्मिती करणारी जनुके गालाच्या पेशीत आहेत, तीच यकृताच्या पेशीतही आहेत. मग गाल हा गाल व यकृत हे यकृत कसे राहते? कोणत्या पेशीत कोणते जनुक कधी व किती प्रमाणात कार्य करील हे ठरविणारी व्यवस्था असते, तिला जनुकनियमन म्हणतात. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे सहज समजेल. कालव्यातील पाणी सर्वांचे एकच. परंतु पाटकरी कोणते दार उघडतो त्यावर कोणाचा ऊस भिजतो आणि कोणाचा वाळतो हे ठरते. पाणी चांगले असूनही दार बंद राहिले तर शेत करपते, आणि दार उघडेच राहिले तर पिकाची नासाडी होते.

कर्करोग म्हणजे जनुकातील बिघाड, असे आपण महाविद्यालयात शिकलो. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. जनुकाच्या मजकुरातच अक्षर बदलणे, यास उत्परिवर्तन म्हणतात. तंबाखूतील नायट्रोसामाइन द्रव्ये डीएनएला चिकटून असे बदल घडवितात. पेशीच्या विभाजनावर पहारा ठेवणारे टीपी ५३ हे जनुक अशाच बदलांनी निकामी होते. याहून निराळा प्रकार असा की, मजकूर अबाधित राहतो, मात्र तो वाचलाच जात नाही, किंवा नको तितका वाचला जातो. हा नियमनाचा बिघाड होय. मुखार्बुदात हे दोन्ही प्रकार हातात हात घालून चालतात.

नियमनाच्या बिघाडाचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण पी १६ या जनुकाचे आहे. पेशीचे विभाजन थोपविणारा हा गतिरोधक. जनुकाच्या आरंभी जो भाग ते चालू-बंद करतो, त्यास प्रवर्तक म्हणतात. या प्रवर्तकावर मिथाइल नावाचे लहान रासायनिक गट जमू लागले म्हणजे जणू दारास कुलूप लागते. पी १६ जागेवर असते, त्यातील एकही अक्षर बदललेले नसते, तरी पेशीला त्याचा उपयोग होत नाही. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांतही हे कुलूप आढळते, म्हणजे कर्करोग होण्यापूर्वीच. ज्या चट्ट्यांत ते आढळले त्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण अधिक होते, असे पाठपुराव्याच्या काही अभ्यासांत दिसून आले आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण रुग्ण अहवाल घेऊन आपल्याकडेच येतात. घशाच्या म्हणजे टॉन्सिल व जिह्वामूलाच्या कर्करोगाच्या अहवालात 'पी १६ पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असते. तेथे त्याचा अर्थ पॅपिलोमा विषाणूशी संबंध, आणि तुलनेने बरे भवितव्य असा घेतला जातो. गालाच्या तंबाखूजन्य कर्करोगास हा अर्थ लावू नये. तेच अक्षर, परंतु स्थान बदलले की अर्थ बदलतो.

मिथाइलच्या कुलुपाशिवाय आणखी दोन व्यवस्था आहेत. एका पेशीतील डीएनएचा धागा उलगडला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो हिस्टोन नामक प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रीळ घट्ट असेल तेथील जनुके वाचली जात नाहीत, सैल असेल तेथील वाचली जातात. दुसरी व्यवस्था सूक्ष्म आरएनएची. जनुकाचा निरोप घेऊन निघालेला संदेशवाहक आरएनए वाटेतच अडविणे किंवा नष्ट करणे हे यांचे काम. मुखार्बुदात मायक्रोआरएनए २१ याचे प्रमाण वाढलेले आढळते, आणि ते नेमके पेशीवाढ रोखणाऱ्या प्रथिनांचे निरोप अडविते.

रिळांच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातील एक काम आवर्जून सांगावेसे वाटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पात भारताने जो कर्करोग अभ्यासासाठी घेतला, तो गाल व हिरडीचाच, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून केलेले हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथम ५० व नंतर आणखी ६० रुग्णांच्या अर्बुदांची तपासणी झाली. टीपी ५३, कॅस्पेज ८, नॉच १ ही पूर्वी ज्ञात असलेली नावे त्यात आलीच. परंतु एमएलएल ४ व एआरआयडी २ ही नवी नावेही आली. या दोहोंचे कार्य डीएनएची रिळे सैल-घट्ट करण्याशी निगडित आहे. म्हणजे येथे उत्परिवर्तन झाले ते प्रत्यक्ष पाटकऱ्यातच. एक पाटकरी बिघडला की अनेक दारांचा हिशोब चुकतो.

व्रणापासून ग्रंथीपर्यंत

आता मावशींच्या गालाकडे वळू. प्राकृत श्लेष्मल त्वचा, नंतर पेशींची संख्यावृद्धी, नंतर त्यांच्या आकारात व रचनेत विकृती, नंतर पृष्ठभागापुरता मर्यादित कर्करोग, आणि अखेर तळाचा पडदा भेदून खोल शिरलेला कर्करोग, असा क्रम विकृतिशास्त्रात मानला जातो. पी १६ नवव्या गुणसूत्राच्या ज्या खंडावर आहे तो खंड फार लवकर, बहुधा विकृती डोळ्यांस दिसण्यापूर्वीच, नष्ट वा निष्क्रिय होतो. टीपी ५३ चा बिघाड त्यात भर घालतो. या वाटचालीस किती काळ लागेल हे व्यक्तीगणिक बदलते. कित्येक चट्टे आयुष्यभर चट्टेच राहतात.

या प्रवासात दीर्घकालीन क्षोभाचे स्थान मोठे आहे. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचे एक नियामक प्रथिन असते. एरवी ते केंद्रकाबाहेर जखडून ठेवलेले असते. चुना, सुपारी, तंबाखू यांनी श्लेष्मल त्वचा नित्य क्षुब्ध होत राहिली म्हणजे त्याची बेडी तुटते. ते केंद्रकात शिरते आणि दाह, पेशीवाढ व ऊतकभेद घडविणारी अनेक जनुके एकाच वेळी चालू करते. जखम झाल्यास ही व्यवस्था उपकारकच आहे. दिवसातून दहा वेळा मावा भरणाऱ्याच्या गालात मात्र ती कधी बंदच होत नाही.

पुढची पायरी आमच्या दृष्टीने सर्वांत घातक. श्लेष्मल त्वचेच्या पेशी परस्परांस ई-कॅडहेरिन या प्रथिनाने धरून असतात. त्याचे जनुक मिथाइलच्या कुलुपाने किंवा स्नेल व ट्विस्ट या नियामकांच्या हस्तक्षेपाने बंद पडले की पेशींची पकड सुटते. विटेसारख्या जागच्या जागी बसलेल्या पेशी लांबट व चंचल होतात, भोवतालचे ऊतक विरघळविणारी विकरे स्रवतात व रसायन्यांच्या मार्गाने मानेतील ग्रंथींत पोहोचतात. आमच्या गंडूषाने दाह शमत होता, त्याच दिवसांत हे घडत असावे. वेदना कमी होणे आणि रोग कमी होणे या दोन गोष्टी येथे संपूर्ण वेगळ्या आहेत.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. मानेत गाठ लागत नसलेल्या आरंभीच्या मुखकर्करोगात तोंडाच्या शस्त्रकर्माबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसल्यावरच मानेचे शस्त्रकर्म करण्याचे धोरण ठेवले, तेव्हा ६७.५ टक्के. हाताला न लागणारा प्रसार आधीच झालेला असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हास माहीत नाही.

ग्रंथोक्त विचार आणि एक सावधगिरी

सुश्रुताने मुखरोग ६५ सांगितले, वाग्भटाने ७५. तालुरोगांत अर्बुदाचा स्वतंत्र उल्लेख आहे. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती, भेद या षट्क्रियाकालाशी वरील क्रम जुळवून दाखविण्याचा मोह कोणाही वैद्यास होईल. आम्हासही झाला. रोग व्यक्त होण्यापूर्वी बराच काळ तो घडत असतो आणि चिकित्सेचा काळ तोच, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे, इतके म्हणणे रास्त आहे. परंतु बीजभागावयव म्हणजे जनुक व बीजभागदुष्टी म्हणजे हा कर्करोग, असे समीकरण काही लेखांतून मांडले जाते, ते आम्हास मान्य नाही. बीजदुष्टी ही जन्मतः येते. गालाच्या पेशीत तंबाखूने घडविलेले बदल त्या पेशीपुरते असतात, ते अपत्यात उतरत नाहीत. "माझ्या पोराला हे होईल का?" असे रुग्ण विचारतात, तेव्हा हा फरक नीट सांगता आला पाहिजे. मुलाकडे वारशाने जाते ती बहुधा चंची.

जन्मजात भेदांचा थोडा वाटा असतो, तो निराळ्या मार्गाने. तंबाखूतील विषद्रव्ये सक्रिय करणारी वा त्यांचा निचरा करणारी विकरे सर्वांत सारखी नसतात. कऱ्हाडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेत, म्हणजे आजच्या कृष्णा विश्व विद्यापीठात, डॉ. कैलास दातखिळे व सहकाऱ्यांनी दक्षिण-पश्चिम महाराष्ट्रातील मुखकर्करोगाच्या रुग्णांत अशा जनुकभेदांचा अभ्यास केला आहे. आपल्याच तालुक्यांतील रुग्णांच्या रक्तावर झालेले हे काम आपल्यापैकी अनेकांस ठाऊकही नाही, याची खंत वाटते.

अर्बुदाच्या चिकित्सेत सुश्रुताचा एक विचार मात्र जसाच्या तसा टिकून आहे. अर्बुदाचा अल्पसा शेष राहिला तरी ते पुन्हा वाढते, म्हणून निःशेष काढावे, असा त्याचा आशय आहे. आधुनिक शास्त्रानेही १९५३ पासून हे मानले आहे की, तंबाखूने केवळ व्रणाचीच जागा नव्हे, तर भोवतालचे सारे क्षेत्र बिघडलेले असते. डोळ्यांस निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही जनुकांचे बदल आढळतात. यासाठीच शल्यचिकित्सक दिसणाऱ्या अर्बुदाबाहेरचा निरोगी भागही काढतात, आणि यासाठीच शस्त्रकर्मानंतर तंबाखू चालू ठेवणाऱ्यास दुसरा कर्करोग होण्याची भीती राहते.

सुपारीबद्दल आपणांस थोडे अप्रिय बोलावे लागेल. बृहत्त्रयीत तंबाखू नाही. ती पोर्तुगीजांबरोबर आली. सुपारी मात्र आपल्या दिनचर्येच्या अध्यायातच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीसही २००४ मध्ये मानवास कर्करोगकारक ठरविले. सुपारीतील अरेकोलीन तंतुजनक संकेत वाढविते, त्यातील तांबे तंतूंना घट्ट बांधणाऱ्या विकरास बळ देते, आणि तोंड उघडेनासे होते. या विकारास 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये दिले. भोजनोत्तर एक तांबूल आणि दिवसभर गालात धरलेली सुपारी यांत मात्रेचा मोठा भेद आहे, हे खरे. तरीही 'तंबाखू सोड, नुसती सुपारी खा' असा सल्ला वैद्याने देऊ नये. आम्ही पूर्वी दिला आहे.

हळदीने काय होते

सांगलीत बसून हळदीविषयी न लिहिणे अशक्य. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हरिपूरच्या पेवांची कीर्ती जुनीच आहे. हळदीतील करक्यूमिन प्रयोगशाळेत एनएफ-कप्पा-बी ला रोखते, यावर शेकडो निबंध आहेत. मात्र या विषयातील एका ख्यातनाम संशोधकाचे अनेक निबंध पुढे मागे घेतले गेले, हेही ध्यानात ठेवावे. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये सबम्यूकस फायब्रोसिसच्या रुग्णांत हळदीचे तेल व अर्क देऊन पेशींतील गुणसूत्रीय हानी कमी झाल्याचे नोंदविले. कोची येथील २०१६ चा अभ्यास अधिक काटेकोर आहे. पांढरे चट्टे असलेल्या २२३ जणांपैकी काहींना सहा महिने रोज ३.६ ग्रॅम करक्यूमिन आणि काहींना निष्क्रिय गोळी दिली. चट्टा कमी होण्याचे प्रमाण करक्यूमिन गटात ६७.५ टक्के, तर निष्क्रिय गोळीच्या गटात ५५.३ टक्के आढळले. लाभ आहे, परंतु माफक आहे. आणि हा लाभ चट्ट्यातला आहे, कर्करोगातला नाही. करक्यूमिन आतड्यातून फार कमी शोषले जाते, ही अडचण वेगळीच. हळदीने गालाचा कर्करोग बरा झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही, आणि तसे सांगून कोणास थांबवून ठेवणे हा आमच्या मते अपराध आहे. किरणोपचाराच्या काळात तोंड सोलवटते तेव्हा मध व यष्टिमधु यांचे कवल, तसेच बृंहण आहारकल्पना, यांत मात्र आपण रुग्णास खरा आधार देऊ शकतो, अर्थात कर्करोगतज्ज्ञास विचारून.

जनुकांचे कुलूप उघडणारी औषधे आहेत. रक्ताच्या काही विकारांत ती वापरलीही जातात. मुखकर्करोगाच्या प्रचलित उपचारांत त्यांस अद्याप स्थान नाही. तेथे शस्त्रकर्म हाच मुख्य आधार, जोडीस किरणोपचार व औषधोपचार.

मग इतके जनुकशास्त्र वाचून गावातील वैद्याने करावे काय? केरळात तिरुवनंतपुरम येथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडाची तपासणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, जनुकचाचणी नाही. विजेरी आणि बोट. सर्दीसाठी आलेल्या रुग्णाचेही तोंड उघडून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. गालाच्या खळग्या, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि जेथे तो तंबाखूची गोळी धरतो ती जागा पाहावी. हातमोजा घालून व्रणाची कड चाचपावी, मान चाचपावी, तोंडात तीन बोटे उभी मावतात का पाहावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, लाल वा पांढरा चट्टा, कारणाविना हलणारा दात, यांपैकी काहीही आढळल्यास तुकडा तपासणीस पाठवावे. अशा व्रणावर क्षार वा दाहक द्रव्यांचे प्रतिसारण करू नये. त्याने स्वरूप पालटते व निदान लांबते. 'सुरी लावली की पसरतो' हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. रुग्ण तज्ज्ञाचे ऐकत नाही, तेव्हा गावच्या वैद्याचे ऐकतो, असा आमचा अनुभव आहे.

मावशींच्या निधनानंतर साधारण वर्षाने त्यांची सून चिकित्सालयात आली. डोके दुखत होते म्हणून. आम्ही तोंड उघडावयास सांगितले. डाव्या गालात, जेथे ती सासूप्रमाणेच मिश्री धरीत असे, तेथे नखाएवढा पांढरा चट्टा होता. कड मऊ होती. त्याच आठवड्यात तिला मिरजेस नेऊन तुकडा तपासून घेतला. सौम्य विकृती निघाली. मिश्रीचा डबा तिने स्वतः आणून आमच्या टेबलावर ठेवला. दर तीन महिन्यांनी ती येते. चट्टा पुसट झाला आहे, पण गेलेला नाही. तपासणीची तारीख आम्ही तिच्या कागदावर लिहितो आणि आमच्या वहीतही लिहितो.